घर न हलवता पाया बदलताना

सप्टेंबर २०१३ च्या अखेरीस आयबीएमने झेड/ओएस या मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टीमची २.१ ही आवृत्ती ग्राहकांच्या हाती दिली. तिच्यात नेटवर्कसाठी एसएमसी-आर नावाची नवी सोय होती. दोन यंत्रांमध्ये टीसीपीची, म्हणजे इंटरनेटच्या नेहमीच्या पद्धतीची, जोडणी सुरू होताना जो रामराम होतो, त्यातच ही सोय चार बाइटांचा एक इशारा टाकते: ई२, डी४, सी३, डी९. आजच्या इंटरनेटच्या सर्वसाधारण लिपीत या चार बाइटांचा अर्थ लागत नाही. १९६४ साली सिस्टीम/३६० बरोबर आलेल्या एबसिडिक लिपीत वाचले, की ‘एसएमसीआर’ ही अक्षरे उमटतात. एकविसाव्या शतकातल्या सोयीने आपले नाव साठीच्या दशकातल्या वर्णमालेत सांगावे, यात मेनफ्रेमचा सगळा स्वभाव आला.

तो स्वभाव एका वचनातून घडला. ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम/३६० जाहीर झाली, तेव्हा लहान यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम मोठ्या यंत्रावरही चालेल, अशी ग्वाही आयबीएमने दिली. पुढच्या पिढ्यांनी ती पाळली. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांनी त्या भरवशावर कोबोल भाषेत कोट्यवधी ओळींचे प्रोग्रॅम रचले. मात्र वचन पाळायचे तर एक अट ओघाने आलीच: जग कितीही बदलो, वरच्या प्रोग्रॅमला धक्का लागता कामा नये. बदल करायचा तो खाली, पायात.

नेटवर्कच्या बाबतीत या अटीची कसोटी लवकरच लागली. १९७४ हे वर्ष या दृष्टीने मोठे मौजेचे आहे. त्या वर्षी मे महिन्यात व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडण्याची पद्धत मांडली. टीसीपीचा उगम तोच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयबीएमने एसएनए ही स्वतःची नेटवर्क रचना जाहीर केली. एसएनएचा कारभार दरबारी होता. मधोमध मेनफ्रेम, तिच्यात व्हीटॅम हा कारभारी, आणि कोणते टर्मिनल कुठे बसणार, कोणाशी बोलणार, हे सारे आधी ठरलेले. उलट टीसीपी/आयपीची रीत टपालखात्याची: पत्ता लिहा, पाकीट टाका, वाट ज्याने त्याने शोधावी. दरबारात शिस्त होती, प्रतिसाद नेमका मिळत होता, म्हणून बँकांना तो आवडला. पण जग टपालखात्याकडे गेले.

आयबीएमने तेव्हा जे केले, ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिने दरबार मोडला नाही. अख्खा दरबार पाकिटात घातला. १९९८ च्या आरएफसी २३५३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात एसएनएचा मजकूर इंटरनेटच्या यूडीपी पाकिटांतून नेण्याची रीत नोंदली गेली. एंटरप्राइझ एक्स्टेंडर म्हणतात ती हीच. वरच्या प्रोग्रॅमला वाटत राहिले की आपण जुन्याच मार्गाने बोलतो आहोत. २००५ साली एटी-टीएलएस आले, तेव्हाही हाच डाव खेळला गेला. प्रोग्रॅम साधा मजकूर पाठवतो आणि त्याच्या नकळत टीसीपीचा थर तो कूटबद्ध करतो.

२०१३ ची सोय याच घराण्यातली. टीसीपीला काम फार असते: मजकुराचे तुकडे करणे, त्यांना क्रमांक देणे, पोच घेणे, हरवलेले पुन्हा पाठवणे, एका बफरमधून दुसऱ्यात उतरवणे. यात प्रोसेसरचा वेळ जातो, आणि मेनफ्रेमवर त्या वेळेचे पैसे मोजावे लागतात. एसएमसी-आरमध्ये दोन्ही बाजूंनी चार बाइटांचा इशारा ओळखला आणि पुढची बोलणी जमली, तर टीसीपीची जोडणी नावापुरती उघडी राहते. खरा मजकूर नेटवर्क कार्ड थेट दुसऱ्या यंत्राच्या मेमरीत नेऊन ठेवते. बोलणी फिसकटली, तर काम साध्या टीसीपीवर सुरू होते. प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागत नाही. पुढे झेड१३ यंत्रांच्या पिढीत, एकाच यंत्रात नांदणाऱ्या दोन सिस्टीमसाठी एसएमसी-डी आले. तिथे तर कार्डाचीही गरज उरली नाही.

या कौशल्याला दाद द्यायलाच हवी. पण त्याची किंमतही मोजली पाहिजे. या सोयीच्या पहिल्या रूपात दोन्ही यंत्रे एकाच आयपी सबनेटमध्ये असावी लागत. मजकूर टीसीपीच्या पाकिटांतून जात नसल्याने वाटेत पाकिटे तपासणाऱ्या पहारेकऱ्याला पाहायला काही उरत नाही, आणि आयपीसेकने राखलेल्या जोडण्यांना ही वाट बंदच. त्याहून मोठी किंमत माणसांच्या बाजूची आहे. दर वेळी बदल प्रोग्रॅमच्या नकळत होतो, तो हळूहळू प्रोग्रॅम सांभाळणाऱ्याच्याही नकळत होऊ लागतो. २०१७ च्या २.३ आवृत्तीत आयबीएमने झेडईआरटी ही सोय दिली. तिचे तेव्हाचे काम एकच: कोणती जोडणी कूटबद्ध आहे, कोणती नाही आणि कशाने, याची नोंद ठेवणे. संरक्षण इतक्या थरांत आणि इतक्या तऱ्हांनी होत होते, की त्याची मोजदाद करायला वेगळे साधन लागले. माझ्या मते, चमकदार वेगापेक्षा ही रुक्ष मोजदाद अधिक मोलाची आहे.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचे कारण नाही. परकीय चलन कायद्याच्या वादात आयबीएम १९७८ मध्ये भारतातून गेली. तरी नव्वदच्या दशकात ‘वायटूके’च्या कामासाठी मुंबईच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात हजारो तरुण कोबोल, जेसीएल आणि सीआयसीएस ही मेनफ्रेमची साधने शिकले. परदेशी बँकांचे जुने प्रोग्रॅम त्यांनी ओळ न् ओळ वाचून काढले. ती पिढी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. तिच्या डोक्यात जे आहे, ते कागदावर फार थोडे उतरले आहे.

म्हणून नवे तेवढे चांगले आणि जुने ते सोने, या दोन्ही घोषणा इथे कामाच्या नाहीत. घर न हलवता पाया बदलता येतो, हे मेनफ्रेमने सिद्ध केले आहे. परंतु पाया बदलला याची नोंद घरात असली पाहिजे. ई२ डी४ सी३ डी९ या बाइटांचा अर्थ आयबीएमच्या अभियंत्यांनी २०१५ साली आरएफसी ७६०९ मध्ये उघडपणे लिहून ठेवला. लिनक्सच्या कर्नेलने २०१७ मध्ये ही पद्धत आपलीशी केली. त्याच तारेवर रोज व्यवहार करणाऱ्या कित्येक कोबोल प्रोग्रॅमांचा अर्थ मात्र कुठेच लिहिलेला नाही. नवी आवृत्ती बसवणाऱ्यांनी पुढच्या सोयीची वाट पाहण्याआधी, हा अर्थ सांगू शकणारी माणसे कामावर आहेत तोवर, तो लिहिण्याचे काम हाती घ्यावे.