बसायला या, पण कसं?

नवीन फ्लॅट बघताना आपण काय काय चेक करतो? कार्पेट एरिया, पार्किंग, बाल्कनीतून समुद्र दिसतो का, मोबाइलला रेंज येते का. एक प्रश्न मात्र लिस्टमध्ये कधीच नसतो. व्हीलचेअर वापरणारा आपला एखादा मित्र वास्तुशांतीला आला, तर तो कुठपर्यंत येऊ शकेल?

आमच्या रत्नागिरीतल्या जुन्या घरांत याचं उत्तर बहुतेक वेळा ‘अंगणापर्यंत’ असं असतं. इथं वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाणी आत शिरू नये म्हणून जोतं उंच. डोंगरउतारामुळे वाट म्हणजे चिऱ्यांची पाखाडी. पडवी, ओटी, माजघर करत आत जाताना कुठे पायरी, कुठे उंबरठा. पावसासाठी एकदम परफेक्ट डिझाइन, पण चाकांसाठी फुल स्टॉप!

‘मग रॅम्प करू की!’ हे सगळेच म्हणतात, गणित कुणी करत नाही. प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे १ फूट उंचीला १२ फूट लांबी. २ फुटांच्या जोत्याला झाले २४ फूट! दारासमोर एवढी जागा नसते, म्हणून घसरगुंडीसारखा तिरका स्लॅब टाकून लोक मोकळे होतात. त्यावरून एकट्यानं चढणं अवघड आणि उतरणं धोक्याचं. त्यापेक्षा रॅम्प भिंतीला लागून, पडवीच्या कडेनं न्यावा. वर पत्रे, खाली खरखरीत फिनिश, बाजूला कठडा. नाहीतर जुलैत शेवाळ धरलं की संपलंच.

आता आत या. मी माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये टेप घेऊन फिरले. हॉलचं दार ऐसपैस, बाथरूमचं जेमतेम सव्वादोन फूट. म्हणजे पाहुणा सोफ्यापर्यंत येणार, पण चहा जपून पिणार! दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आणि खुर्ची वळवायला १,५०० मिलिमीटरचं वर्तुळ, एवढं तरी हवं.

‘पण आमच्या घरात कुणी व्हीलचेअरवर नाही!’ मान्य. अमेरिकेत अटलांटाच्या एलेनॉर स्मिथ यांचं म्हणणं नेमकं इथंच वेगळं होतं. त्या स्वतः व्हीलचेअर वापरायच्या. १९८० च्या दशकात त्यांनी मागणी लावून धरली, की प्रत्येक नव्या घरात तीन गोष्टी हव्यातच : एक बिनपायरीचं दार, आत रुंद दारं आणि तळमजल्यावर वापरता येईल असं टॉयलेट. फंडा सोपा आहे. माणूस फक्त स्वतःच्या घरात जगत नाही, दुसऱ्यांकडे जातोही.

आपल्याकडे गणपतीत हे सगळ्यात जास्त टोचतं. आरतीचा घोळका घरोघर फिरतो, आणि ज्याच्या एकट्याच्याच घराला रॅम्प आहे तो स्वतःच्याच घरची आरती करतो. ‘तू राहू दे, प्रसाद पाठवतो,’ हे प्रेमानंच म्हटलं जातं. कुणी म्हणतं, ‘उचलून नेऊ की!’ पण दर वेळी चौघांनी उचलायचं, तर किती वर्षं कुणी हौसेनं येईल?

नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ सुरू केली. पुढे कुडाळ तालुक्यात ‘स्वप्ननगरी’ उभी करून अपंगांना काजूप्रक्रियेचं काम दिलं. राहणं, काम आणि सोबत यांचा विचार तिथं एकत्र झाला. कायदाही आहे, २०१६ चा. सुलभतेचे किमान नियम सक्तीचे करा, असं नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सरकारला बजावलं. पण तुमच्या-माझ्या घराचा उंबरठा उतरवायला कोर्ट येणार नाही.

तेव्हा घर बांधणार असाल, तर प्लॅन कागदावर असतानाच दारं रुंद करा. तेव्हा खर्च थोडा असतो, नंतर भिंत फोडावी लागते. आणि तो प्लॅन आर्किटेक्टइतकाच व्हीलचेअर वापरणाऱ्या कुणाला तरी दाखवा. रत्नागिरीत पॅराप्लेजिक मंडळींसाठी काम करणारं आरएचपी फाउंडेशन आहे, तिथं विचारा. ‘या एकदा बसायला’ हे आपण सगळ्यांनाच म्हणतो. ते ऐकणाऱ्याला खरंच येता आलं पाहिजे, एवढंच.