खोक्यावरचा मोठा आकडा
राऊटर घेताना खोक्यावरचा सगळ्यांत मोठा आकडा आधी बाजूला ठेवा. ‘एसी १२००’ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ मेगाबिट यांची साधारण बेरीज, तीही कागदावरची. एका फोनला ती कधीच मिळत नाही. त्यापेक्षा मागच्या पोर्टचा वेग वाचा. स्वस्तातल्या बऱ्याच राऊटरना १०० मेगाबिटचेच पोर्ट असतात. असा राऊटर असलेल्या घरात २०० मेगाबिटचा प्लॅन घेतला तर निम्मा वेग तिथेच अडतो, आणि दोष मात्र केबलवाल्याच्या माथी जातो. गिगाबिट पोर्ट हवाच, यात तडजोड नको. मग भिंती. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण आरसीसीच्या एकदोन भिंती आड आल्या की दमतात; २.४ च्या दूरवर पोचतात, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राऊटरही त्याच पट्ट्यात गर्दी करून असतात. म्हणून दोन्ही पट्टे असलेलाच घ्या आणि टीव्हीमागे न कोंबता घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. अँटेना किती, हा प्रश्न गौण. कंपनी सुरक्षेचे अपडेट किती वर्षं देते, हे मात्र दुकानदाराला खोदून विचारा, कारण बँकेचे व्यवहार आणि दारावरचा कॅमेरा याच डबीतून जातात. गावात वीज जात असेल तर राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएसही घ्या. फक्त फायबरच्या डब्यालाही त्यावरून वीज मिळेल, एवढं पाहा.