गाडी चालू होत नाही... म्हणजे नक्की काय?

आपल्या अभ्यासक्रमातलं इंजिन कायम चालूच असतं. ऑटो सायकलची पी-व्ही आकृती काढा, कॉम्प्रेशन रेशोवरून एफिशियन्सी काढा, मार्क घ्या. पण तेच इंजिन थंडीत सकाळी सहाला चालूच झालं नाही तर काय करायचं, हे चार वर्षांत कुणी विचारत नाही. प्रॅक्टिकलला कापून रंगवलेलं मॉडेल बघायचं, सिनियरचं जर्नल उतरवायचं, सही घ्यायची, सबमिशन संपलं! माझं स्पष्ट मत आहे की मेकॅनिकलच्या (आणि इलेक्ट्रिकलच्याही) प्रत्येकापुढे एकदा तरी बिघडलेलं इंजिन ठेवून 'शोध' म्हणायला हवं.

'गाडी चालू होत नाही' ही तक्रार झाली, निदान नव्हे. सेल्फ फिरतच नाही, हळू फिरतो, की जोरात फिरूनही इंजिन पकडत नाही? त्रास थंड असताना होतो की गरम झाल्यावर? एवढं विचारलं तरी बरेचसे पार्ट निर्दोष सुटतात. पण विचारतो कोण? 'प्लग बदलून बघू' हे सोपं असतं, पैसे गाडीवाल्याचे जातात ना.

होस्टेलवाल्यांना आपल्या रेक्टरसरांची जुनी कार चांगलीच परिचयाची आहे. गेल्या हिवाळ्यात तिला धक्का मारायला निम्मी विंग खाली उतरायची. सकाळी सेल्फ कण्हत कण्हत फिरायचा, दुपारी मात्र गाडी एका झटक्यात चालू. एका गॅरेजने प्लग बदलले, दुसऱ्याने बॅटरी. बिल वाढलं, धक्का काही सुटला नाही. शेवटी मशीन लॅबच्या मामांनी दोनच गोष्टी केल्या. आधी हेडलाइट लावून सेल्फ मारायला सांगितला. सेल्फ रडत होता, पण दिवे जवळपास तसेच. बॅटरी दमलेली असती तर दिवेही मंदावले असते. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर ठेवली आणि पुन्हा सेल्फ. मीटरवर दोन व्होल्ट! तिथे खरं तर पाव व्होल्टसुद्धा दिसायला नको. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती. थंड ऑइल घट्ट, त्यात सेल्फला दोन व्होल्ट कमी, मग तो फिरणार कसा? दुपारी ऑइल जरा पातळ झालं की भागून जायचं.

गंमत पुढेच आहे. आमच्या विंगमधल्या एका हुशार मित्राने त्याच पट्टीची कंटिन्युइटी आधी तपासली होती आणि बझर मस्त वाजला होता. सेल्फ ओढतो शंभर अँपियरच्या आसपास. दोन भागिले शंभर म्हणजे ०.०२ ओहम. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स याहून जास्त भरतो, त्याला हा दोष दिसणार कसा? म्हणून करंट वाहत असताना व्होल्टेज ड्रॉप बघायचा. ओहमचा नियम तर आपण सगळे शाळेपासून पाठ म्हणतोय.

काही जण म्हणतात, आता इंजेक्शनच्या गाड्या, स्कॅनर लावला की कोड येतो, डोकं कशाला चालवायचं? समजा, रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचा सेन्सर सत्तर अंश सांगतोय. ईसीयू इंजिन गरम समजून पेट्रोल कमी सोडणार, गाडी नखरे करणार. पण सत्तर हा काही अशक्य आकडा नाही, त्यामुळे कोड पडेलच असं नाही. लाइव्ह डेटात कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी वाचलं तर सकाळी दोन्ही जवळपास सारखी हवीत. हे वाचायला माणूसच लागतो.

तेव्हा सरांना विनंती, टर्मवर्कमध्ये एक बिघाड घाला. 'मुलं इंजिनची वाट लावतील' ही भीती समजते, पण एखादा कनेक्टर सैल करायला किंवा प्लगची गॅप वाढवायला कितीसा खर्च येतो? मार्क दुरुस्तीला नकोतच. काय तपासलं, मीटरवर काय आलं आणि त्यावरून कोणता पार्ट सुटला, हे लिहिण्याला द्या. न तपासता नवीन पार्ट मागेल त्याचे कापा. प्रत्येक बॅचला बिघाड वेगळा ठेवला तर जर्नल उतरवायचीही सोय राहणार नाही (मित्रहो, क्षमस्व!). ती गंजकी पट्टी मामांनी अजून टाकलेली नाही, पहिल्या बॅचला तीच लावता येईल.