सगळं बघायलाच हवं का?

मराठी मध्यमवर्गीय घरात काही प्रवास नुसते प्रवास नसतात, ते देणं असतं. काशी हे एक, चारधाम हे दुसरं, आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांपासून अंदमान हे तिसरं. काशीला म्हातारपणी जायचं हे ठरलेलं असे. अंदमानला मात्र 'एकदा' जायचं असतं, आणि हे 'एकदा' मोठं लवचीक असतं. 'माझी जन्मठेप' १९२७ साली प्रसिद्ध झालं. ते ज्या ज्या घरात वाचलं गेलं, तिथं कुणी ना कुणी मनाशी म्हटलेलं असतं, की ती कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची. आमच्या घरात हे म्हणणारी माझी पत्नी. शाळेत असताना तिनं ते पुस्तक वाचलं होतं, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिनं मला विचारलं, "तुमच्या बँकेत ते एलएफसी मिळतं ना, त्यात अंदमान बसतं का हो?"

बसत होतं. पण चार-चार वर्षांचे ब्लॉक येत गेले आणि जात गेले. एक बदलीत गेला, एक वडिलांच्या आजारपणात, एक मुलीच्या दहावीत. एकदा तर रजा मंजूर झाली आणि शाखेत ऑडिट येऊन बसलं. २००१ मध्ये वीस रुपयांची जी तांबूस नोट आली, तिच्या पाठीवर अंदमानचंच चित्र होतं. माड, समुद्र आणि पलीकडे दीपस्तंभ. "रोज अंदमान मोजता, जात मात्र नाही," असं ही म्हणायची. २०१९ मध्ये नवी हिरवट-पिवळी नोट निघाली, तिच्यावर अंदमानच्या जागी आपलं वेरूळ आलं. तोवर माझी निवृत्तीच जवळ आली होती.

असो. गेल्या हिवाळ्यात हिची साठी झाली, त्या निमित्तानं अखेर गेलो. आम्ही दोघं, मुलगी, जावई आणि अकरा वर्षांची नात. पोर्ट ब्लेअरचं सरकारी नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे, पण रिक्षावाल्यांच्या तोंडी जुनंच आहे. घड्याळ तिथं आपलंच चालतं, सूर्य मात्र आपला नाही. पहाटे पाचच्या सुमारास उजाडायला लागतं आणि संध्याकाळी साडेपाचला दिवेलागण. आमच्यासारख्या उशिरा उठणाऱ्यांचा अर्धा दिवस तिथं बिछान्यातच बुडतो.

सेल्युलर जेलबद्दल इतकं वाचलेलं, ऐकलेलं असतं, की प्रत्यक्षात काही नवं कळेल असं वाटत नाही. मला एक गोष्ट नव्यानं कळली. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेला हा तुरुंग म्हणजे 'बघण्याचं' एक यंत्र आहे. मध्ये मनोरा, त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तीनमजली इमारती, आणि मिळून जवळजवळ सातशे कोठड्या. सातांपैकी आज तीन उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची दारं दुसरीच्या पाठीकडे उघडतात, म्हणजे कैद्याला समोर फक्त भिंत दिसावी. दाराची कडी भिंतीतल्या खोबणीत इतकी लांब, की आतून हात पोहोचू नये. मनोऱ्यातल्या पहारेकऱ्यानं सगळ्यांना बघावं, कैद्यानं कुणाला बघू नये. कोलू, फटके, बेड्या हे सगळं भयंकर होतंच. पण माणसाला नुसतं बघितलं जाण्याची वस्तू करून टाकणं, ही त्या इमारतीची मूळ कल्पना.

तात्याराव ४ जुलै १९११ रोजी इथं आले आणि १९२१ पर्यंत होते. थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात. तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या त्या कोठडीत ही गेली, पावलांनी लांबी-रुंदी मोजली, साडेतेरा फूट बाय साडेसात, आणि काही न बोलता बाहेर आली. चाळीस वर्षांची इच्छा पाच मिनिटांत पुरी झाली, असं हिशेबानं म्हणता येईल. मला तो हिशेब मांडावासा वाटला नाही.

इथं एक गोष्ट मात्र सांगून टाकतो. आपली मराठी माणसं ती एक कोठडी बघून उतरतात. मनोऱ्यातल्या शिळांवर कोरलेली नावं वाचायला फारसं कुणी थांबत नाही. ती नावं बहुतेक बंगाली आणि पंजाबी आहेत. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहित मोइत्र आणि मोहनकिशोर नामदास हे तिघे गेले. त्यांच्यापुढं अर्धा मिनिट उभं राहिल्यानं आपल्या भक्तीत काही उणं पडणार नाही.

त्याच रात्री हॉटेलात आमच्या सहल-व्यवस्थापकानं दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम सांगितला. बाराटांग. पहाटे तीनला उठायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर रांगेत लागायचं, सहाला गाड्यांचा पहिला ताफा सुटतो. पुढे खाडी, तर, मग वेगवान होडीतून खारफुटीमधून चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी. हे सगळं सांगून तो आवाज जरा उतरवून म्हणाला, "आणि वाटेत जारवा. नशीब असलं तर दिसतील."

हे वाक्य मी ओळखत होतो. ताडोब्याला जिप्सीत बसताना वाघाबद्दल हेच म्हणतात.

जारवा म्हणजे कोण, ते थोडक्यात सांगायला हवं. दक्षिण आणि मध्य अंदमानच्या पश्चिम बाजूच्या जंगलात शिकार, मासे, मध आणि कंदमुळांवर जगणारे लोक. काही शेकडा संख्या. स्वतःला ते 'आंग' म्हणतात. 'जारवा' हे त्यांच्या शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव, त्याचा अर्थ 'परके'. बाहेरच्यांना ते बाणांनीच उत्तर देत. १९९६ मध्ये पाय मोडलेला त्यांचा एक मुलगा वस्तीजवळ सापडला, सरकारी इस्पितळात काही महिने राहून बरा झाला आणि परत गेला. १९९७ च्या अखेरीपासून ते हत्यारांशिवाय बाहेर येऊ लागले. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला.

गोवर या शब्दाला अंदमानात इतिहास आहे. १८५८ मध्ये इंग्रजांनी सत्तावनच्या कैद्यांना आणून वसाहत बसवली, तेव्हा ग्रेट अंदमानी जमातींचे लोक हजारोंनी होते. त्यांची किनाऱ्याची जमीन गेली, म्हणून १७ मे १८५९ रोजी त्यांनी अबर्डीनवर चाल केली. पण दूधनाथ तिवारी नावाचा एक पळालेला शिपाई वर्षभर त्यांच्यात राहिला होता, त्यांच्यातलीच बायको केली होती. त्यानं आधीच येऊन इंग्रजांना खबर दिली. हल्ला फसला, तिवारीला माफी मिळाली. पुढे १८७७ ची गोवराची साथ आणि बाहेरून आलेले इतर रोग यांनी त्या जमाती संपवत आणल्या. आज त्यांचे वंशज पन्नासच्या आसपास उरले आहेत. 'बो' ही भाषा बोलणारी शेवटची बाई, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये वारली. ज्या वसाहतीनं आपल्या माणसांना कोंडलं, तिनंच यांना निपटलं. एकाच गोष्टीचे हे दोन भाग आहेत, पण सहलीत आपल्याला पहिलाच सांगतात.

आणि आता हा रस्ता. अंदमान ट्रंक रोडचा जवळजवळ ५० किलोमीटरचा तुकडा जारवांच्या राखीव जंगलाला लागून आणि त्याच्या आतून जातो. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २००२ रोजी जंगलातला हा भाग बंद करावा असा आदेश दिला. तो झाला नाही. पोलिसांच्या देखरेखीत ताफे सुरू राहिले. जानेवारी २०१२ मध्ये, खाण्याच्या मोबदल्यात जारवा बायकांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर दाखवली गेली, तेव्हा काही काळ सगळ्यांना लाज वाटली. २०१३ मध्ये न्यायालयानं काही आठवडे हा रस्ता पर्यटकांना बंदही केला होता. मग उघडला. थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, छायाचित्र काढायचं नाही, हे नियम आहेत. बघायचं नाही, असा नियम करता येत नाही.

मी म्हटलं, मी येणार नाही. पत्नी म्हणाली, मीही नाही.

जावई आमचे शांत आणि सरळ विचारांचे. ते म्हणाले, "बाबा, गाड्या तुमच्यामुळं थांबणार नाहीत. आणि हा रस्ता फक्त पर्यटकांचा नाही. वर मायाबंदर-दिगलीपूरला जी माणसं राहतात, त्यांना इस्पितळात यायला हाच आहे. तुम्ही त्यांनाही नको म्हणणार का?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर आणि मध्य अंदमानात पूर्व बंगालच्या निर्वासितांना सरकारनंच नेऊन वसवलं. त्यांच्या आजाऱ्याला समुद्रमार्गानंच जा, असं श्री विजयपुरमच्या हॉटेलात बसून मी सांगावं, हे काही बरं नव्हे. बाराटांगच्या होडीवाल्यांची चूल पर्यटकांवरच पेटते, हेही खरं. पण आजारी माणूस त्या रस्त्यानं जातो तो पोहोचण्यासाठी. आपण पहाटे तीनला उठून जातो, त्यात 'नशीब असलं तर'चा वाटा असतो. तो वाटा नसता, तर गुहांची एवढी ओढ लागली असती का, याचं उत्तर ज्यानं त्यानं द्यावं. होडीवाल्यांच्या पोटासाठी सरकारला समुद्रमार्ग चांगला करता येईल. पर्यटकांचा ताफा हा काही त्यावर एकच इलाज नाही.

माझी खरी अडचण निराळी आहे. 'इतक्या लांब आलोय तर सगळं बघून जाऊ' हे वाक्य आपल्या सहलींचा मूलमंत्र आहे. ज्या प्रवासासाठी माणूस तीस-चाळीस वर्षं थांबतो, त्यात तर तो फारच जोरात म्हटला जातो. पुन्हा कोण येतंय! पैसे भरलेत, स्थळ सोडायचं कशाला! बँकेत मी वसुलीची कामं पुष्कळ केली, म्हणून या 'वसूल' शब्दाची नस मला ठाऊक आहे. पण माणसं ही स्थळं नव्हेत. आदल्या दिवशी आपण त्या मनोऱ्याखाली उभे राहून म्हणतो, माणसाला असं डोळ्यांखाली ठेवणं किती अमानुष. आणि दुसऱ्या दिवशी बंद काचेमागून डोळे ताणून बसतो. आपल्याकडे बघू नका, असं सांगायला जारवांना आपली भाषाही येत नाही. त्यांनी पूर्वी बाणानं सांगितलं होतं.

शेवटी मुलगी आणि जावई गेले. नातीचा प्रश्न आला, तेव्हा तिनं आजीला विचारलं, "ते लोक आपल्याला बघायला येतात का?" नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग मी इथंच थांबते." यात तत्त्व किती आणि पहाटे तीनला न उठण्याची सोय किती, हे मी विचारलं नाही.

आम्ही तिघांनी तो दिवस चॅथमला घालवला. ती १८८३ ची सरकारी लाकूडगिरणी. पडाकाचं लालसर लाकूड, करवतीचा वास, आणि जपानी काळातला बॉम्बचा खड्डा, जो आता झाडांनी भरला आहे. तिथं एका वृद्ध गृहस्थांची ओळख झाली. ते 'लोकल बॉर्न', म्हणजे कैद्यांचे वंशज. पणजोबा एका प्रांतातले, पणजी दुसऱ्या, जाती निराळ्या, आणि घरात बोलायची हिंदुस्थानी. आपली जात कोणती, असं नातीनं निरागसपणे विचारलं, तर ते हसून म्हणाले, "बेटा, वो तो जहाज़ में ही छूट गई." त्यांच्याशी आम्ही दोन तास बोललो. त्यांनी आम्हाला पाहिलं, आम्ही त्यांना पाहिलं, चहा त्यांनी पाजला. अंदमानच्या आठ दिवसांत हिला कोठडीखालोखाल काय आठवतं, तर हे गृहस्थ. त्यानंतर स्वराज द्वीपाचा समुद्र. तो मात्र खरोखरच जाहिरातीतल्यासारखा निळा आहे, आणि तिथं सहल-कंपनीनं आम्हाला पुरणपोळी वाढली, त्याचं काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

मुलगी-जावई संध्याकाळी परत आले. गुहा चांगल्या होत्या, होडीचा प्रवास तर फारच सुंदर. जारवा दिसले का, हे आम्ही विचारलं नाही. जेवताना मुलगीच म्हणाली, "परतताना एक बाई दिसली, मूल काखेत घेतलेली. सगळी गाडी एका बाजूला झुकली, आई. तिनं तोंड फिरवलं." जावई पानातला भात चिवडत राहिले.

मागच्या महिन्यात माझ्या मेव्हणीनं त्याच सहलीसाठी नाव नोंदवलं आणि कार्यक्रमाचा कागद मला दाखवायला आणला. मी तिला हे सगळं सांगितलं, आणि तो एक दिवस गाळता येतो का ते विचार, म्हटलं. तिनं फोन केला. गाळता येईल, पण त्याचे पैसे परत मिळणार नाहीत, असं कंपनीनं कळवलं. तिनं थोडा वेळ विचार केला, पेन मागितलं आणि त्या ओळीवर रेघ ओढली. मग म्हणाली, "त्या चॅथमच्या गिरणीला कधी सुट्टी असते, तेवढं विचारून ठेवा."