संस्कृतीचा कच्चा माल : वऱ्हाड आणि 'सर्जनशील' विकासाची परिभाषा

संस्कृती ही विकासाची चालक शक्ती आहे, हे विधान आज इतक्या सहजतेने केले जाते की त्यातील साध्य कोणते आणि साधन कोणते, हे तपासण्याची गरज कोणालाच वाटेनाशी झाली आहे. चार्ल्स लँड्री यांची 'सर्जनशील शहर' ही संकल्पना, रिचर्ड फ्लोरिडा यांनी २००२ मध्ये मांडलेला 'सर्जनशील वर्गा'चा सिद्धान्त, युनेस्कोने २००४ मध्ये सुरू केलेले सर्जनशील शहरांचे जाळे आणि मुंबईत मे २०२५ मध्ये भरलेल्या 'वेव्हज' परिषदेत गाजलेली 'ऑरेंज इकॉनॉमी' या साऱ्यांमागील प्रमेय थोड्याफार फरकाने एकच आहे. कला, वारसा, भाषा आणि कल्पकता यांत गुंतवणूक केली की माणसे व भांडवल आकर्षित होतात आणि त्यातून नगराचा व प्रदेशाचा उत्कर्ष होतो, असे हे प्रमेय सांगते. वरवर पाहता यात संस्कृतीचा गौरव आहे. वस्तुतः तिला साधनाचे स्थान दिलेले आहे आणि साध्य तिला न विचारताच ठरवले गेले आहे. अशा शहरांत विषमता वाढते याची दखल खुद्द फ्लोरिडा यांना २०१७ च्या आपल्या ग्रंथात घ्यावी लागली. उगमस्थानीच ज्याबद्दल शंका निर्माण झाली ते प्रमेय परिघावरील प्रदेशांकडे मात्र रामबाण उपाय म्हणून येते, आणि अमरावती-अकोल्यासारख्या नगरांतील सुशिक्षित वर्ग ते कृतज्ञतेने स्वीकारतो.

'ऑरेंज' हे विशेषण २०१३ मध्ये कोलंबियातील दोन लेखकांनी रूढ केले. अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात ते वाचणाऱ्याला त्यातील विडंबन निराळे सांगावे लागत नाही. येथे संत्रे हे रूपक नसून पीक आहे. आंबिया किंवा मृग बहाराचे फळ झाडावर असतानाच अनेक बागाईतदार ते व्यापाऱ्याला ठरवून देतात. प्रतवारी, वाहतूक आणि दूरची बाजारपेठ ही त्यांच्या हातात नसते. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवले की भाव वरूडमध्ये कोसळतो. उत्पादन येथे आणि मूल्यनिश्चिती अन्यत्र, ही या व्यवहाराची रचना आहे. ती संत्र्यापुरती नाही आणि आजचीही नाही. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला आणि १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे येथील कापसाला अकल्पित मागणी आली. लोहमार्ग आले, अकोला व अमरावती परिसरात सरकी काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. म्हणजे प्रक्रिया झाली ती माल बाहेर जाण्यास सुलभ व्हावा एवढ्यापुरतीच. कापसाचे कापड आणि त्या कापडाचा नफा प्रामुख्याने मुंबईत व मँचेस्टरमध्ये तयार झाला.

वाङ्मयव्यवहारही याच वाटेने गेला. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ रोजी अमरावतीत झाली. पुढे त्याचे मुख्य केंद्र नागपुरात गेले. १९१२ आणि १९८१ मध्ये अकोल्याने, १९८९ मध्ये अमरावतीने अखिल भारतीय साहित्य संमेलनाचा मांडव घातला. परंतु मांडव उतरल्यावर प्रकाशन, परीक्षण आणि प्रतिष्ठा यांची केंद्रे होती तेथेच राहिली. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीने वऱ्हाडी बोलीला शोकात्म गांभीर्य पेलता येते हे निर्विवाद सिद्ध केले. तरी रंगभूमीवर आणि पडद्यावर या बोलीला बहुतेक वेळा हशा पिकवण्याचेच काम मिळाले. 'धग'चा लेखक उपजीविकेसाठी पुढे लोकप्रिय कादंबऱ्यांचा रतीब घालत राहिला, ही घटना त्याच्या व्यक्तिगत दौर्बल्याच्या खात्यात टाकून समीक्षा मोकळी झाली. ज्या नगरात कादंबरीकार जन्मतो पण कादंबरीचा व्यवहार जन्मत नाही, तेथे सर्जनशीलतेचा तुटवडा आहे असे म्हणणे हा तर्काचा विपर्यास आहे. तुटवडा आहे तो सर्जनावरील स्वामित्वाचा.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. हे सारे अनुशेषाचेच जुने रडगाणे असून नवी परिभाषा निदान संधीची भाषा बोलते, असे म्हटले जाईल. दांडेकर समितीने १९८४ मध्ये सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य इत्यादी क्षेत्रांतील प्रादेशिक अनुशेष मोजला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. सिंचनाचा अनुशेष ही वास्तव आणि जीवघेणी गोष्ट आहे; २००६ मध्ये ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना शेतकरी-आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विशेष योजना जाहीर करावी लागली त्यांत अमरावती आणि अकोला होते. तेव्हा अनुशेषाची भाषा टाकाऊ नाही. तथापि संस्कृतीचा विचार करताना ती अपुरी पडते, आणि येथेच ती व सर्जनशीलतेची नवी परिभाषा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी ठरतात. दोघींच्याही लेखी प्रदेश म्हणजे एक उणीव. पहिली ती उणीव निधीने भरू पाहते, दुसरी महोत्सवाने. प्रदेशाने स्वतः विकासाची काही कल्पना केली होती काय, हा प्रश्न दोघींनाही पडत नाही.

वऱ्हाडने ती केली होती. गाडगेबाबांचे कीर्तन हा याचा सर्वांत ठळक पुरावा आहे. श्रोत्याला प्रश्न विचारून त्याच्या अंधश्रद्धेची त्याच्याच तोंडून कबुली घेणारे ते कीर्तन परंपरेच्या रूपात परंपरेची चिकित्सा करत होते. आणि त्या कीर्तनातून जमलेला पैसा देवळांकडे न जाता धर्मशाळांकडे, शाळांकडे आणि अनाथ-अपंगांच्या सेवेकडे वळला. १९२७ मध्ये अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला. त्यात अग्रभागी असलेल्या पंजाबराव देशमुखांनी पुढे काही वर्षांतच श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला १९६९ नंतर त्यांचेच नाव लाभले. १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू देशी खेळांची प्रात्यक्षिके घेऊन १९३६ मध्ये बर्लिनला गेला, तो कोणत्याही शहराची ओळख विकण्यासाठी नव्हे. या सर्व उदाहरणांत संस्कृतीने विकास घडवला हे खरेच. पण ती आकर्षण म्हणून नव्हे तर हस्तक्षेप म्हणून वावरली. कोणाला तरी अडचणीत आणल्यावाचून तिने काही घडवले नाही. वारशाच्या यादीत अंबादेवीचे मंदिर अवश्य येईल. १९२७ चा सत्याग्रह त्या यादीत कोणत्या रकान्यात बसेल? संघर्ष हा पर्यटनाचा विषय होऊ शकत नाही, आणि झालाच तर तो संघर्ष उरत नाही.

या विवेचनाची खरी कसोटी रिद्धपूर येथे लागणार आहे. मोर्शी तालुक्यातील हे गाव गोविंदप्रभूंचे. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते तेथेच आणि महदंबेचे धवळेही तेथलेच. संस्कृतात लिहू नका, त्याने सामान्य बायाबापड्या वंचित होतील, हा नागदेवाचार्यांचा आग्रह ही मराठीतील भाषाविषयक धोरणाची पहिली मांडणी होय. महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत जपले; विसाव्या शतकाच्या आरंभापासून ते अभ्यासकांना उलगडू लागले, आणि बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेल्या वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये 'लीळाचरित्रा'ची संपादित संहिता सिद्ध केली. अशा स्थळी मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याची घोषणा शासनाने २०२३ मध्ये केली, २०२४ मध्ये पहिले कुलगुरू नेमले गेले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. या निर्णयाचे स्वागत करणाऱ्या सार्वजनिक बोलण्यात तीर्थक्षेत्राचा विकास आणि ज्ञानक्षेत्राचा विकास हे शब्द अदलून-बदलून वापरले जातात. ते समानार्थी नाहीत. तीर्थक्षेत्राला रस्ते, निवास आणि यात्रेकरू हवेत. विद्यापीठाला हस्तलिखितांचे संग्रहालय, पाठचिकित्सेचे प्रशिक्षण, कायमस्वरूपी अध्यापक, छापखाना आणि वाद घालण्याची मोकळीक हवी. यात्रेकरूंच्या संख्येवरून विद्यापीठाचे यश मोजले गेले, तर रिद्धपूर हा आणखी एक कच्चा माल ठरेल: पोथ्या येथल्या, अर्थनिर्णय दुसरीकडचा.

या प्रकरणी मराठी समीक्षेने तटस्थतेचा आव आणू नये. 'ग्रामीण', 'प्रादेशिक', 'बोलीतील' या विशेषणांनी प्रदेशातील लेखनाची प्रतवारी तिनेच केली आणि मूल्यनिश्चितीचा अधिकार स्वतःकडे ठेवला. संत्र्याच्या व्यापाऱ्याहून तिचे वर्तन तत्त्वतः वेगळे नव्हते. देशीवादाने या व्यवस्थेला आव्हान दिले. परंतु देशी म्हणजे पूर्वापार असलेले एवढाच अर्थ ज्यांनी त्यातून घेतला, त्यांनी वारशाच्या बाजारपेठेला अनायासे तात्त्विक आधार मिळवून दिला. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' (२००२) मधील शिकलेल्या आणि शेतीत अडकलेल्या तरुणाला कोणता 'सर्जनशील वर्ग' सामावून घेणार आहे, याचे उत्तर या दोन्ही पक्षांकडे नाही. ते उत्तर सापडेपर्यंत अमरावती-अकोल्यातील विद्यापीठांना, मंडळांना आणि नियतकालिकांना एकच मागणी नेटाने करता येते. संपादन, प्रकाशन, अध्यापन आणि मूल्यमापन यांची साधने वऱ्हाडात असली पाहिजेत आणि त्यांवर वऱ्हाडचे स्वामित्व असले पाहिजे. ही मागणी मान्य न करता जो संस्कृतीला विकासाचे इंजिन म्हणेल, त्याने त्या इंजिनामागील डब्यांत काय भरले आहे आणि ते कोठे उतरवले जाणार आहे, हेही सांगावे. वऱ्हाडातून भरून गेलेल्या कापसाच्या गाड्यांचा इतिहास येथे कोणी विसरलेले नाही.