दिसणारा धूर आणि न दिसणारा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शहरांच्या हवेची जी यादी प्रसिद्ध केली, तीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत आमच्या ग्वाल्हेरचा क्रमांक जगात दुसरा लागला होता. तानसेनाच्या गावाला ही कीर्ती शोभणारी नव्हे. पुढे २०१९ साली केंद्र सरकारने शुद्ध हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला आणि त्यात आमचे शहरही आले. रस्त्यांवर पाणी मारणे, कचरा जाळू न देणे ही कामे व्हावयासच हवीत. परंतु तेवढ्याने हवेचा प्रश्न सुटला असे मानणे धोक्याचे आहे.

गाणे श्वासावर उभे असते. माझे वडील दरबारी गवई. पहाटेचा खर्ज हा त्यांच्या शिकवणीचा पाया होता. थंडीत मात्र जमिनीलगतची हवा गार व जड होऊन खालीच साचते. धूर आणि धूळ तिच्यात कोंडून राहतात व ऊन चढेपर्यंत हलत नाहीत. म्हणजे ज्या वेळी दीर्घ श्वास घ्यावा असे वाडवडिलांनी सांगितले, तीच वेळ आज सर्वांत वाईट! म्हणून पौष-माघात मी मुलांना उन्हे आल्यावरच बोलावतो. पिढ्यांचा शिरस्ता असा मोडावा लागणे ही मला लहानसहान गोष्ट वाटत नाही.

तरीही ही धूळ दिसते, आणि चांगला पाऊस झाला की खाली बसते. खरी चिंता न दिसणाऱ्या धुराची आहे. कर्बवायूला रंग नाही, वास नाही; आणि एकदा हवेत गेलेल्या या वायूचा मोठा भाग शतकानुशतके तेथेच राहतो.

पृथ्वीची हवा पूर्वी बदललीच नाही काय? अवश्य बदलली. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सूक्ष्म जिवाणूंनी सोडलेला प्राणवायू हवेत साठू लागला, म्हणून तर पुढे आपल्यासारखे जीव संभवले. पण त्या घडामोडींना कोट्यवधी वर्षे लागली. कारखानदारीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कर्बवायू सुमारे २८० भाग होता. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली, तेव्हा तो ३१५ च्या आसपास भरला. २०२४ साली त्याने ४२० ओलांडले होते. अंटार्क्टिकाच्या बर्फात कोंडलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे तपासले, तर गेल्या ८ लाख वर्षांत तो ३०० च्या फारसा वर गेलेला आढळत नाही. ही भर आपलीच, याचा पुरावाही हवेतच आहे. कोळसा आणि खनिज तेल यांतील कर्ब इतका पुरातन, की त्यात किरणोत्सर्गी अंश उरलेला नसतो. हवेत नेमका तसाच कर्ब वाढत आहे.

इतक्या अल्प वायूने काय होणार, असे कोणी विचारतात. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा तो केवढा! तो किंचित सरकला की साऱ्या तारेचा बोल पालटतो. हवेतील नत्र व प्राणवायू पृथ्वीची उष्णता अडवीत नाहीत. हा थोडासा वायू अडवतो. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीहून सुमारे १.५५ अंशांनी उष्ण होते.

यावर उपाय नाही असे नव्हे. शीतपेट्यांतील वायूंमुळे ओझोनचा थर विरतो, हे १९७४ साली मोलिना व रोलंड यांनी दाखविले. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र उघडकीस आले. १९८७ साली मॉन्ट्रिअल येथे करार झाला, आणि आज तो थर हळूहळू भरून येत आहे. कर्बवायूचे प्रकरण अधिक कठीण खरे, कारण तो एका यंत्रातून नव्हे, आपल्या साऱ्या व्यवहारातून निघतो.

श्रीमंत राष्ट्रांनी आधी भार उचलावा, हे भारताचे म्हणणे न्याय्यच आहे. आपला दरडोई वाटा आजही जगाच्या सरासरीहून कमी आहे. पण एक गोष्ट विसरू नये. दिसणारा आणि न दिसणारा, हे दोन्ही धूर बऱ्याच अंशी एकाच चुलीतून निघतात. कोळसा व डिझेल कमी जाळले, तर जगाचे पुढे भले होईलच; पण आमच्या मुलांची छाती त्याच हिवाळ्यात हलकी होईल. त्यासाठी परराष्ट्रांच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.