भस्मासुराला वर कोणी दिला?

पुण्यात पेशवाईतल्या घाशीराम कोतवालाचा विषय निघाला की थोड्याच वेळात कोणीतरी म्हणतो, "तो भस्मासुर होता हो!" बोलणाऱ्याला वाटते, निकाल लागला. मला मात्र ते ऐकून शंकर आठवतो. मागेल त्याला वर देऊन मोकळा होणारा, आणि तोच वर अंगावर उलटला तेव्हा पळत सुटलेला. पुढे विष्णू मोहिनीचे रूप घेतो, असुर स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो आणि सगळ्यांच्या जिवात जीव येतो. शंकराला जाब विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही. तो भोळा, म्हणून सुटला. घाशीरामाला कोतवाली देणाऱ्या नाना फडणीसांना भोळे म्हणण्याची हिंमत त्यांच्या कट्टर भक्तालाही होणार नाही. तेव्हा तो भस्मासुराचा दाखला इथे लागूच पडत नाही.

लागू पडणारा दाखला दुसरीकडे आहे. १८१६ सालच्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या सरोवराकाठी, पावसाने घरात कोंडून घातलेल्या अठरा वर्षांच्या मेरीला एक कथा सुचली. १८१८ मध्ये ती 'फ्रँकेन्स्टाइन' या नावाने छापली गेली, तेव्हा पुस्तकावर लेखिकेचे नाव नव्हते. मेरी शेलीच्या या कादंबरीचा अर्थ मराठी वाचकाला वर्षानुवर्षे असा सांगितला गेला आहे: माणसाने देव होऊ पाहू नये, विज्ञानाने मर्यादा ओलांडली की राक्षस जन्माला येतो. हा पूर्वपक्ष आधी निकालात काढायला हवा, कारण घाशीरामाबद्दलची आपली समजूत याच मुशीतली आहे.

पुस्तकात घडते ते असे. इंगोलस्टाटला शिकणारा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन नोव्हेंबरातल्या एका रात्री आपण जुळवलेल्या देहात प्राण आणतो. तो जीव डोळे उघडतो. त्याने अजून कोणाचे काही बिघडवलेले नाही, तो नुसता दिसायला भयंकर आहे. तरी व्हिक्टर खोलीतून पळ काढतो. त्याला नावही देत नाही. टाकून दिलेला तो जीव एका कुटुंबाच्या घराला लागून लपून राहतो, फटीतून पाहत भाषा शिकतो, मिल्टन आणि प्लुटार्क वाचतो आणि चोरून त्या घरासाठी सरपण आणून ठेवतो. ज्या दिवशी तो माणसांसमोर येतो त्या दिवशी मार खातो. त्यानंतर तो खून करतो. या क्रमात पाप कुठे सुरू झाले? प्राण फुंकले तेव्हा, असे म्हणणाऱ्याने मधली शंभर पाने वाचलेली नाहीत. त्या जिवाची तक्रार जन्म दिल्याची नाही, पाठ फिरवल्याची आहे.

मग 'देव होऊ नका' हे तात्पर्य आले कुठून? बरेचसे रंगभूमीवरून. १८२३ मध्ये लंडनला रिचर्ड ब्रिन्स्ली पीक याने कादंबरीचे नाटक केले. नाटकाच्या नावातच 'उद्धटपणा' होता, आणि त्यात त्या जिवाला वाचाच नव्हती. कादंबरीत जो पानेच्या पाने युक्तिवाद करतो त्याची जीभ कापली की निर्मात्याविरुद्धचा एकमेव साक्षीदार संपतो. १९३१ च्या बोरिस कारलॉफवाल्या चित्रपटाने आणखी एक सोय केली: त्या देहात चुकून गुन्हेगाराचा मेंदू बसवला गेला. मेरीच्या पुस्तकात असे काही नाही. पण या एका बदलाने निर्माता निर्दोष सुटला. माल मुळातच खराब होता, तो काय करणार!

आता पुण्याकडे या. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे. कीर्तन, लावणी, गणपती-सरस्वतीचा नाच असलेल्या या नाटकाला मी गॉथिकच्या पंक्तीला बसवतो, यावर आक्षेप येणार. गॉथिक म्हणजे पडके किल्ले, मेणबत्त्या, घुबडे! मराठीत ते काम आपल्या नारायण धारपांनी पुण्यातच बसून भरपूर केले, मग तेंडुलकर कशाला? धारप मीही रात्री दिवा चालू ठेवून वाचलेले आहेत. पण त्यांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथांत अमंगळ बाहेरून येते आणि समर्थ त्याचा बंदोबस्त करतात. गावातल्या कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. जुन्या गॉथिक कादंबरीचा कणा वेगळा आहे. तिथे घराण्याचे जुने पाप तळघरात कोंडलेले असते आणि ते त्याच घरावर उलटते. तेंडुलकरांनी वाडा बांधलाच नाही. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मणच भिंत होतात, देऊळ होतात, रस्ता होतात. हवे तेव्हा तोंड दाखवतात, नको तेव्हा पाठ करतात. दगडाच्या किल्ल्यापेक्षा ही भिंत जास्त भीतिदायक, कारण तिला सगळे दिसत असते.

आणि या भिंतीसमोर एक माणूस घडवला जातो. कनोजी ब्राह्मण घाशीराम पोटासाठी पुण्यात येतो. चोरीचा आळ, मार, कोठडी, हे त्याला शहराने दिलेले शिक्षण. तो सुडाची शपथ घेतो आणि पोटची मुलगी गौरी नानांपुढे करून कोतवाली मिळवतो. नेमणूक करताना नाना स्वतःशी हिशेब मांडतात: पोरगीही हाती येईल, पुणेही धाकात राहील, आणि आमच्या हातून जे होईल ते लोक याच्या नावावर मांडतील. व्हिक्टर आणि नाना इथे वेगळे होतात. व्हिक्टर किळसेने पळाला. तो भेकड होता. नाना पळत नाहीत. टाकून द्यायचा दिवस येणार हे धरूनच त्यांनी हा कोतवाल बनवलेला आहे. जमाव घाशीरामाचा जीव मागतो तेव्हा हुकमावर सही करायला त्यांना वेळ लागत नाही, आणि तो मेल्यावर ते तीन दिवस उत्सव करायला सांगतात. नैतिकदृष्ट्या मी व्हिक्टरला नानांच्या वर ठेवीन. निदान शेवटी त्याची झोप तरी उडाली होती.

"म्हणजे घाशीराम निर्दोष?" हा ठरलेला प्रश्न. अजिबात नाही. अपराध म्हणजे वडिलोपार्जित जमीन नव्हे, की एकाचा वाटा वाढला म्हणजे दुसऱ्याचा घटला. मेरीचा तो जीव व्हिक्टरच्या प्रेताशेजारी उभा राहून स्वतःच्या खुनांची कबुली देतो. उलट मरणाच्या दारात असलेला व्हिक्टर मागे वळून पाहतो आणि स्वतःला दोष देण्यासारखे त्याला काही सापडत नाही. त्या प्राण्याच्या सुखाची जबाबदारी माझ्यावर होती, हे तो मान्य करतो. पण मनुष्यजातीविषयीचे कर्तव्य मोठे होते, म्हणतो. मोठ्या कर्तव्याचे नाव घेऊन जवळचे कर्तव्य टाळायची ही युक्ती नानांच्या समर्थकांना तोंडपाठ आहे.

त्यांचा युक्तिवाद असा. खरे नाना फडणीस म्हणजे सवाई माधवरावांच्या लहानपणी दौलत सांभाळणारा मुत्सद्दी. त्यांना विषयलंपट दाखवणे हा इतिहासाचा अपमान आहे. मुत्सद्देगिरी मला मान्य आहे. नाटकातले नाना हे कल्पित आहेत, हेही मान्य. नाटक बाजूला ठेवू आणि फक्त नोंदी पाहू. खरा घाशीराम सावळदास १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. १७९१ च्या ऑगस्टअखेर श्रावणातल्या दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना त्याने रात्री कोंडून घातले आणि त्यांतले पुष्कळ गुदमरून मेले. ब्राह्मणांचा जमाव नानांच्या दारी आला, आणि घाशीराम त्याच्या हवाली झाला. ३१ ऑगस्टला लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. म्हणजे नाटकातली गौरी, शपथ, स्वगत सगळे वजा केले तरी चौदा वर्षे उरतात. ही चौदा वर्षे शहराची कोतवाली कोणाच्या मर्जीने चालली? तक्रारी शेवटच्याच रात्री सुरू झाल्या, असे इतिहासाचा कोणताही अभ्यासक म्हणणार नाही. गुदमरलेल्यांचा हिशेब एका माणसाच्या डोक्यात दगड घालून पुरा झाला, आणि नेमणूक करणारी कचेरी दुसऱ्या दिवशी पूर्ववत उघडली. अपमान म्हणायचा तर हा आहे, आणि तो तेंडुलकरांनी केलेला नाही.

निर्मात्याने पाठ फिरवू नये, या माझ्या म्हणण्याचा पुरावाही मला त्याच नाटकाच्या चरित्रात सापडतो. पहिला प्रयोग केला तो प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने. वाद उसळला, संस्थेतही मतभेद झाले आणि प्रयोग थांबवण्यात आले. संस्थेची अडचण मी समजू शकतो. नाट्यसंस्था चालवणे म्हणजे वर्षाचे बारा महिने लोकांचे रागलोभ सांभाळणे. पण आपण उभे केलेले नाटक गैरसोयीचे ठरल्यावर त्याच्यापासून लांब होणे, हे कृत्य कोणत्या जातीचे आहे ते आता सांगायला नको. ज्यांनी ते घडवले होते ती नटमंडळी आणि दिग्दर्शक त्याला सोडायला तयार नव्हते. ते बाहेर पडले, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभे केले. १९८० मध्ये युरोप दौऱ्याला कडवा विरोध झाला तेव्हाही ते नाटकामागे उभे राहिले. निर्मात्याची जबाबदारी म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी एवढेच दाखवीन: नाव आपले लावायचे, शिव्या आपण खायच्या, आणि आपण घडवलेल्याने काही गैर केले असेल तर त्याची झाडाझडतीही आपणच घ्यायची.

ही शेवटची अट मी तेंडुलकरांनाही लावतो, आणि तिथे माझे त्यांच्याशी भांडण आहे. मेरीच्या कादंबरीत जस्टीन नावाची मोलकरीण आहे. राक्षसाने केलेल्या खुनाबद्दल तिला फाशी होते. व्हिक्टरला खरे माहीत असते आणि तो गप्प बसतो. निर्माता आणि निर्मिती यांच्या झटापटीत चिरडली जाते ती ही तिसरी. पण मेरी तिला न्यायालयात बोलू देते, तुरुंगात बोलू देते. ती मरते ती एक माणूस म्हणून. पुण्याच्या नाटकात ही जागा गौरीची. बापाने तिला विकले, नानांनी वापरले, बाळंतपणात ती गेली. तिच्या मरणाने घाशीराम पिसाटतो, म्हणून कथानकाला ती लागते. तिला बोलायला मात्र जवळजवळ काही दिलेले नाही. भिंत होऊन उभ्या राहणाऱ्या ब्राह्मणांना गाणी आहेत, सूत्रधाराला फिरक्या आहेत, नानांना स्वगत आहे. कोणी म्हणेल, तिचे मुके राहणे हीच टीका आहे. मला पटत नाही. पीकने त्या जिवाची वाचा काढली तेव्हा आपण त्याला दोषी धरले. मग तेंडुलकरांना सूट कशासाठी? ते नानांचा हिशेब इतका चोख मांडतात, आणि ज्या पोरीच्या जोरावर तो सगळा व्यवहार झाला तिला एक धड प्रवेश देत नाहीत. नव्या दिग्दर्शकांनी हे नाटक हाती घेताना नानांची बदनामी कितपत होते याची काळजी इतरांवर सोडावी, आणि गौरीचे काय करायचे ते ठरवावे.